मागच्या पानांवरचा हिशेब

थर्मोडायनॅमिक्सच्या वहीत मागच्या बाजूनं
आमचा संसार सुरू होतो:
तूरडाळ अर्धा किलो. मोहरी दहाची. जिरं दहाचं.
शेंगदाणे कच्चे, एक किलो. भाजायला आपल्याला हात आहेत,
हे इरण्णाच्या अक्षरात.
मार्केट यार्डातली गोल्टी, पाच किलो पन्नासला,
सोलताना डोळ्यांचं पाणी वेगळं, ते लिहिलेलं नाही.
हिंग: पुढच्या महिन्यात.

साखर पेठेत पत्र्याची खोली, तिघे जण.
पाच किलोचा सिलिंडर,
पोचे पडून बुड बाहेर आलेलं पातेलं,
इरण्णाच्या बहिणीला लग्नात तीन तवे आले
त्यातला एक, सासूच्या नकळत.
आणि पिंप.
नळाला पाणी चार दिवसांआड,
त्यामुळे वरण किती पातळ करायचं
हे खिसा ठरवत नाही, पिंप ठरवतं.
तांदळाचं धुवण वरणात,
भांड्यांचं पाणी दारातल्या कढीपत्त्याला,
आणि कढीपत्ता परत आमच्या फोडणीत.
झाड घरमालकिणीचं. पानं ती मोजत नाही,
लाइटचं बिल मोजते.

पहिल्या महिन्यात मी शेंगा भाजायला घेतल्या
मोठ्या आचेवर, कारण सबमिशन होतं.
किलोभर दाण्यांचा कोळसा.
टाकायचे कसे? कुटले. तिखट, मीठ, लसूण.
चार दिवस ती काळी चटणी खाल्ली.
कॉफीसारखी लागते, तौसीफ म्हणाला,
ज्यानं तोवर कॉफी कधी प्यायली नव्हती.
आता एप्रिलात दाणे आधी पत्र्यावर पसरतो,
दुपारभर ऊन फुकट काम करतं,
गॅस फक्त शेवटचा हात फिरवतो.
एकानं मात्र खारीवर लक्ष ठेवायचं.

अंबूबाई येमूल उंबऱ्याशी विड्या वळत बसतात,
मांडीवर सूप, नजर पानावर,
कान आमच्या तव्यात.
"कांदा नको टाकू. मोहरी बोलू दे आधी."
भिंतीपलीकडून. न बघता.
आम्ही थांबतो. मोहरी बोलते.
त्या दोऱ्याची गाठ मारतात, पुढची विडी.
फोडणी मी कोणाकडून शिकलो
असं विचारलं तर काय सांगू, पाठमोऱ्या बाईकडून.

एकदा अक्कलकोटच्या एसटीतून
इरण्णाच्या आईनं चाळीस कडक भाकरी पाठवल्या,
जुन्या लुगड्यात बांधून, पापडासारख्या पातळ.
वर कुणीतरी सिमेंटची गोणी टेकवली.
गाठ सोडली तर आत नुसता चुरा,
दोन भाकरी तेवढ्या शाबूत.
इरण्णा बोलला नाही. चप्पल घालून बाहेर गेला,
पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आला.
तोवर मी लसूण ठेचला, डाळ पळीवाढी केली,
उकळत्या आमटीत चुरा लोटला.
तुकडे लहान, पृष्ठफळ जास्त,
भिजायला निम्मा वेळ, निम्मा गॅस.
पॉलिटेक्निकनं शिकवलेलं पहिल्यांदा उपयोगी पडलं.
इरण्णानं तीन ताटल्या खाल्ल्या
आणि आईला फोन केला:
हो, मिळाल्या. सगळ्या नीट आहेत.

सत्तावीस तारखेला मीठ संपलं.
दुकानात उधारी आधीच दोन पानं.
मी अंबूबाईंपुढे वाटी धरली.
त्यांनी वाटीत दिलं नाही, हातावर तर नाहीच.
विडीच्या पानांतलं एक फाटकं पान घेतलं,
त्यावर मूठभर ठेवलं, पान उंबऱ्यावर,
आणि म्हणाल्या, उचल आता. हातानं दिलं की भांडण होतं,
भाडेकरूशी भांडण मला परवडत नाही.
भातात दोन दिवस तंबाखूचा वास होता,
तौसीफला लागला, मला नाही.

वहीत लिहिलं: मीठ, एक पान. देणे.
एक तारखेला पुडा घेऊन गेलो.
त्यांनी सुपातून मान वर केली नाही.
ठेव तिकडं, म्हणाल्या, कढीपत्त्याजवळ,
आणि पुडा आठवडाभर तिथंच राहिला,
न तुमचा, न आमचा,
शेवटी पुन्हा आमचंच मीठ संपलं.

ती ओळ मी कशी खोडावी कळत नाही.
वहीचं पुढचं पान एन्ट्रॉपीपाशी येऊन भिडलंय,
परीक्षा सोळाला.
तौसीफनं खाली लिहून ठेवलंय:
हिंग, पुढच्या महिन्यात. नक्की.